नमुना

रबाळ्याच्या एमआयडीसीत शेवटच्या गल्लीला,
पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून माझं दुकान.
तेहतीस वर्षं लाकडाचे नमुने केले:
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना,
एकदा कुठल्याशा देवळाची घंटा.
ओतारी ते वाळूत दाबतो, लोखंड ओततो,
लाकूड परत येतं कडेनं काळं पडून.
आमची पट्टीसुद्धा जरा लांबच असते,
लोखंड निवताना आकसतं ना, म्हणून.
खोट्या पट्टीनं मोजलं की माप खरं उतरतं.

सबनीस मॅडम म्हणाल्या,
पांचाळ, ह्या वेळी पट्टी खरी घ्या.
ओतायचं नाही काही. धरून बघायचंय.

त्यांनी आपला फोन दाराबाहेर ठेवला, माझाही ठेवला,
मग कागद उलगडला.
कार्बाइन.
दस्ता मागून आत सरकणारा, वजन तीन किलोच्या आत,
गाडीच्या दारातून उडी मारताना अडकता कामा नये.
नळीचं, गोळीचं दुसरं कुणी बघतंय, मला सांगायचं नव्हतं त्यांना.
माझ्या वाट्याला मूठ आली.
मूठ, आणि गाल टेकायची जागा, आणि खांद्याची.

शिवणीचं लाकूड काढलं. हलकं, रंध्याला गुमान.
पहिली मूठ माझ्याच हाताची झाली,
सुताराला दुसरा हात कुठून येणार?
मॅडमच्या हातात ती नुसती लोंबली.

मग हात गोळा करत सुटलो.
शेजारच्या प्रेसवरची परवीन, बोटं आखूड.
लोडर गजा, त्याच्या तळव्यात पाना हरवतो.
आणि माझी नात अन्वी, डावखुरी;
तिला सांगितलं, नवीन ड्रिलची मूठ आहे.
भर मे महिन्यात मॅडमनी लोकरीचे हातमोजे आणले,
लडाखातल्या बोटांसाठी.
पत्र्याखाली अंडं उकडेल अशा दुपारी
मी एकावर एक दोन जोड चढवून
लाकडाचा चाप ओढत बसलो.
माझ्या कोपरावरून घाम गळत होता
आणि त्या वहीत लिहीत होत्या: उणे वीस.

अकराव्या नमुन्याला खांबेला बोलावलं,
गेटवरचा वॉचमन, सतरा वर्षं फौजेत काढलेला.
तो पान थुंकून आला, हात पँटला पुसले.
उचललं, तेव्हा बोलला काहीच नाही.
गुडघा किंचित मोडला, गाल लाकडाला लागला,
आणि खुर्चीत पसरून पेपर वाचणारा खांबे
तिथे उरलाच नाही.
हळू वळला, दाराकडे.

दारात दिनू, चहाची किटली घेऊन.
तो एकदम बाजूला सरकला, भिंतीला चिकटला.
त्याला ठाऊक होतं, शिवण आहे.
कालच तर तो त्यावर कप ठेवून गेला होता.
पुढे मी भोकही पाडलं नव्हतं,
काळ्या पेनानं एक गोल काढला होता.

खांबेनं सावकाश खाली ठेवलं.
मागे जरा जड पाहिजे, म्हणाला.
आणि इथं एक कड ठेवा बारीक,
अंधारात बोटाला कळायला हवं, बोट कुठं आहे.
मॅडमनी लिहून घेतलं.
सांडलेल्या चहावर दिनू मुकाट्यानं भुसा टाकत होता.

करारात होतं: काम संपलं की नमुने जाळायचे.
कागदावर सह्या झाल्या, तेलाच्या ड्रममध्ये पेटवलं.
शिवण पटकन धरते.
बारावा आधी गेला, कड असलेला, पास झालेला.
अकरावा मात्र हातात राहिला थोडा वेळ.
मूठ बसली, कुणाकुणाचे हात आत असल्यासारखी,
आणि बोट आपसूक सरळ झालं, चापाबाहेर,
कड नव्हती तिथंच जाऊन थांबलं.
मी गोलाकडून बघितलं नाही.
मागच्या बाजूनं आत सोडला.

रात्री अन्वीनं विचारलं,
आजोबा, आलं का ते ड्रिल बाजारात?
नाही अजून, म्हटलं,
पट्टी जरा लांबच धरून.